गवराबाईंनी भंडारा उचलला नाही

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. भाजीवालीने कोथिंबिरीची काडी फुकट टाकली तरी मला वाटतं, वांगी नक्की किडकी असणार. तेव्हा माझ्या सासूबद्दल हे जे लिहिते आहे ते एका संशयी सुनेने लिहिलंय असं धरूनच वाचा. सासूचे गोडवे गायची मला मुळीच हौस नाही.

मी चाकणकडची. एक्कावन्न साली लग्न होऊन चिंचवडच्या पुढे, मुंबई-पुणे रस्ता आणि पवना नदी यांच्या मधल्या एका वाडीत आले. निघताना वडील म्हणाले होते, "शालन, घर चांगलं हाय. फकस्त सासू इंग्रजी बोलती. जपून ऱ्हा." त्या घरच्या विहिरीला कठडा नाही असं सांगावं, तसं त्यांनी ते सांगितलं.

आणि त्या खरंच बोलायच्या. गवराबाई त्यांचं नाव. मी रीतीप्रमाणे आत्याबाई म्हणायची. तरणेपणी कपाळ पांढरं झालं, तेव्हा पदरातलं मूल दिराच्या घरी ठेवून त्या खडकीच्या छावणीत साहेबाच्या बंगल्यावर आया म्हणून राहिल्या. एक साहेब गेला की दुसरा यायचा, दुसरा गेला की तिसरा. गोऱ्यांची पोरं त्यांच्या कडेवर बसून बोलायला शिकली, आणि पोरांबरोबर याही शिकल्या. इंग्रज गेले तशा त्या वाडीला परत आल्या. अक्षरओळख नव्हती. पण म्हैस पान्हा चोरायला लागली की तिला इंग्रजीत दटावायच्या, आणि म्हैस ऐकायची. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

गावाने त्यांना गोमूत्र शिंपडून आत घेतलं खरं, पण मनातून कोणी घेतलं नव्हतं. साहेबाच्या घरात काय शिजत असेल, हिने काय काय तोंडात घातलं असेल, हा प्रश्न विहिरीवर रोज नव्याने निघायचा. मीही काही कमी नव्हते. सुरुवातीला मी त्यांच्या ताटाकडे चोरून बघत राहायची. त्या भाकरी आणि ठेचा खायच्या, आमच्यासारखंच. माझं तेवढ्याने समाधान झालं नाही. वाटायचं, आता माझ्यादेखत भाकरी खातात, तेव्हा काय खाल्लं ते कोणाला ठाऊक?

आमच्या दोघींत फरक एवढाच, की मला माणसांचा संशय यायचा आणि त्यांना शब्दांचा. साहेबाच्या भाषेतला एखादा शब्द आपल्यासारखा दिसला की त्या सावध व्हायच्या. म्हणायच्या, "भैनीवानी दिसत्यात त्या दोगी, पन भैनी न्हाईत गं. एकीच्या घरी दुसरीला नेऊन बसवली, तर भांडान ठरलेलं." आपला मास्तर शाळेत छडी मारतो, साहेबाचा मास्टर म्हणजे घरचा धनी. छावणीत एका नव्या आयाने धन्याला कोणी मास्टर म्हणताना ऐकलं आणि ती पोराची पाटी-पेन्सिल घेऊन त्याच्यापुढे उभी राहिली, ही गोष्ट त्या मान हलवून सांगायच्या. हसायच्या मात्र नाहीत. त्यांना त्यात हसण्यासारखं काही वाटत नसे.

चौपन्न साली बातमी आली की आमच्या वाडीच्या आणि नदीच्या मधल्या माळावर ग्लास फॅक्टरी निघणार. आपला गिलास म्हणजे पाणी प्यायचं पितळी भांडं. चिंचवडचा एक तांबट आपला धंदा बसणार म्हणून रडकुंडीला आला. आत्याबाईंनी सांगितलं, "तुजी भांडी न्हाईत रं बाबा, त्येंचा गिलास म्हंजी काच. बाटल्या करनार हायती." तांबटाला ते पटलं नाही. तो म्हणाला, "गिलासाला गिलास न्हाई म्हनती, हिला काय ठावं?" पुढे बाटल्या निघाल्या तेव्हा तो काही माफी मागायला आला नाही.

कारखाना उभा करायला पार्किन नावाचा इंग्रज साहेब आला. उंच, उन्हाने भाजलेला, मानेवर सालं निघालेला. माळाच्या कडेला लाकडी बंगली बांधून तो आणि मडम राहू लागले. माळ साफ करायला आमचीच माणसं कामावर लागली, आणि पहिल्या दिवसापासून गोंधळ सुरू झाला. साहेबाने काहीही सांगावं आणि आमच्या लोकांनी मान डोलवून "व्हय" म्हणावं. साहेबाच्या कानाला ते त्याचं 'व्हाय' वाटायचं, म्हणजे हे 'का' म्हणून विचारतायत. मग तो बिचारा पुन्हा पहिल्यापासून समजावायला लागायचा. लोक पुन्हा "व्हय, व्हय." शेवटी कोणीतरी आत्याबाईंना बोलावून आणलं, आणि तेव्हापासून त्या गावाच्या दुभाषी झाल्या.

त्यांची एक पद्धत होती, आणि सगळा घात त्या पद्धतीने केला. साहेब बोलून थांबला की लगेच त्या सांगायच्या नाहीत. तंबाखूची चिमूट दाढेला धरावी तसे त्याचे शब्द तोंडात धरून गप्प बसायच्या. मग साहेबालाच उलट काहीतरी विचारायच्या. तो परत बोलायचा. परत गप्प. आणि एवढं झाल्यावर आमच्याकडे वळून दोन वाक्यांत सांगून मोकळ्या व्हायच्या. लोकांना ती शांतता खुपायची. साहेब बोलला शेरभर आणि आपल्यापर्यंत आलं पावशेर. मग मधलं कुठे मुरलं?

आता पाणंदीचं सांगते, कारण सगळं तिच्यापायी झालं. आमच्या वाडीतून नदीवर जायला एकच पाणंद होती. दोन्ही बाजूंनी निवडुंग, मध्ये एक बैलगाडी कशीबशी जाईल एवढी वाट. गुरं त्या वाटेने पाण्यावर जायची, बायका धुणं घेऊन जायच्या आणि माणूस गेलं की त्याच वाटेने स्मशानात जायचं. पावसाळा सरला तशी साहेबाची माणसं माळावर खुंट्या ठोकत आली आणि पाणंदीच्या मधोमध एक खुंटी ठोकून, तिला तांबडं फडकं बांधून निघून गेली. पाणंद गेली तर गाव नदीपासून तुटलंच.

गावचे पाटील अर्जुनराव. माणूस सरळ, पण एकदा मनात आलं की ते खोडायला ब्रह्मदेवाचीही टाप नव्हती. ते चार म्हाताऱ्यांना घेऊन साहेबाकडे निघाले. दुभाषी म्हणून आत्याबाई, आणि त्यांना सोबत म्हणून मी. शिवाय सयाजी होता. सयाजी इंग्रजी चौथी शिकलेला, कंत्राटदाराकडे कारकून, केसांना तेल चोपडून भांग पाडणारा. पाटलांनी त्याला का घेतलं हे मी लगेच ओळखलं. आत्याबाईंवर नजर ठेवायला.

बंगलीच्या पडवीत साहेब बराच वेळ बोलला. हातवारे केले, नदीकडे बोट दाखवलं, मध्येच कुठेतरी लांब बघत हसला. आत्याबाईंनी नेहमीप्रमाणे गप्प बसून, परत परत विचारून घेतलं. मग वळून म्हणाल्या, "वाट बंद करावी असं साहेबाच्या मनात न्हाई. पन त्यो चाकर हाय, त्याच्या शबदावर कायबी न्हाई. संक्रातीमागं तारंचं कुंपन पडंल. त्याच्या आत समद्या गावानं पुन्याला मामलेदाराकडं जाऊन वाट मागून घ्या. साहेब आडवा येनार न्हाई."

"येवढंच?" पाटील म्हणाले.

"येवढंच कामाचं."

तेवढ्यात आतून मडमेने हाक मारली आणि आत्याबाई स्वयंपाकघरात गेल्या. आम्ही बाहेर उभे. आतून दोघींचं हसणं ऐकू आलं. चांगलं खळखळून. पाटलांनी सयाजीकडे पाहिलं, सयाजीने म्हाताऱ्यांकडे पाहिलं, आणि मी सगळ्यांकडे पाहिलं. आत्याबाई बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता. त्या क्षणी मला डबा दिसला, तसा तो सगळ्या गावाला दिसला असं समजा.

घरी आल्यावर मी पहिलं काम केलं ते डबा उघडून बघायचं. आत बटणं होती. रंगीबेरंगी, जुन्या कपड्यांची काढलेली. मी ती सुपात ओतली, डब्याच्या बुडाशी बोट फिरवून पाहिलं. आत्याबाई चुलीपाशी बसून बघत होत्या.

"घावलं का काय?" त्यांनी विचारलं.

"हसत कशापायी हुता?" मी विचारलं. लाज वाटायला मला वेळ नव्हता.

"तिनं दूध उतू घातलं आन वर फुंकर मारीत बसली. म्या बी छावनीत पयल्यांदा तसंच केलं हुतं, त्ये सांगितलं."

मला ते खरं वाटलं. पण मी एवढ्यावर सोडणारी नव्हते. म्हटलं, "आत्याबाई, साहेब येवढा येळ बोलला. तुमी मधलं गाळलं."

"गाळलं," त्या म्हणाल्या. "चा गाळत्यात तसं."

"काय गाळलं?"

त्यांनी लाकूड आत सारलं आणि सांगितलं. साहेब त्याच्या गावाकडची गोष्ट सांगत होता. तिकडे शेताशेतांतून पायवाटा आहेत, आणि ज्या वाटेने माणसं पिढ्यान्‌पिढ्या चालतात ती कोणी बंद करू शकत नाही, राजासुद्धा नाही. लहानपणी तो बापाबरोबर असल्या वाटेने जायचा. ते आठवून तो हसला होता.

"मंग त्ये का न्हाई सांगितलं?"

"त्यो त्याच्या गावाचं बोलत हुता. आपली मानसं त्येला वचन समजली असती. गाठ मारून घरी आली असती आन पाय पसरून झोपली असती. मामलेदाराकडं कोन गेलं असतं मंग?"

मी विचार केला आणि मला ते पटलं. मला सहसा काही पटत नाही.

पण गावात तोवर सयाजीने वेगळंच सांगून ठेवलं होतं. त्याने वाटेबद्दल साहेब काय बोलला ते स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं, आणि आत्याबाईंनी ते सांगितलं नाही हेही पाहिलं होतं. सयाजी लबाड नव्हता, हे मला कबूल करावं लागतं. त्याने जे ऐकलं तेच सांगितलं. शब्द शिकला होता तो. साहेबाच्या घरात राहिला नव्हता. गावाने डबा, हसणं आणि गाळलेले शब्द एकत्र बांधले आणि त्याचा अर्थ लावला: गवराबाई कंपनीला फितूर आहे. पाटलांनी आत्याबाईंना खंडोबाच्या देवळात बोलावलं.

आमच्याकडे असा वाद पडला की देवापुढे भंडारा उचलायचा. पायरीवर हळदीचा भंडारा आणि बेलाचं पान ठेवतात. ज्याच्यावर वहीम असेल त्याने पान आणि भंडारा मुठीत उचलून ठरलेले शब्द बोलायचे. उचलला तर माणूस खरा. पुढे कोणी चकार शब्द काढायचा नाही. न उचलणारा खोटा. भंडारा हातात घेऊन खोटं बोललेला माणूस वर्षाच्या आत आंधळा होतो असा गावाचा पक्का समज. त्यामुळे तो उगाच कोणी उचलत नाही आणि उगाच कोणी नाकारतही नाही.

सगळं गाव जमलं होतं. बायका कडेने, पदर ओढून. पाटलांनी शब्द सांगितले: "बोला वहिनी. जे ऐकलं तेच बोलले, मधलं राखलं न्हाई, राखलं आसंल तर मल्हारी बघून घेईल."

आत्याबाईंनी हात पुढे केला नाही.

"म्या खोटं बोलले न्हाई, असं म्हनते," त्या म्हणाल्या. "गावाचं वाईट चिंतलं न्हाई, असं म्हनते. त्यावर उचलते."

"शबूद बदलता येत न्हाई," पाटील म्हणाले. "आज्यापंज्यापास्नं हेच शबूद हायती."

"मंग न्हाई उचलत. ऐकलं तेच बोलले, असं कसं म्हनू? साहेबाचा शबूद तिकडं वाढला, आपला हितं. एकाच्या जागी दुसरा ठिवला म्हंजी त्येच झालं का? आन मधलं राखलं न्हाई म्हनाल, तर राखलं. थोडं राखलं."

देवळात एकदम गलका झाला. मी ओरडले, "आत्याबाई, उचला न्हवं!" माझ्या मनात होतं, त्या म्हणतात तेवढी बारीक चाळणी देव लावत बसत नाही. जगात सगळेच थोडंफार राखून बोलतात. आमच्या गावात तर राखल्याशिवाय कोणी सोयरीक जमवत नाही. पण त्या हट्टाला पेटल्या होत्या. तो हट्ट नव्हता, भीती होती, हे मला नंतर कळलं. आयुष्यभर त्या दोन भाषांच्या मध्ये उभ्या राहिल्या होत्या, आणि शब्द कसे फसवतात हे त्यांना माहीत होतं. देवापुढे त्यांना फसवायचं नव्हतं.

"काय राखलं त्ये सांगा," पाटील दरडावून म्हणाले.

त्यांनी सांगितलं. साहेबाच्या गावाकडे माणसांची वाट कोणी बंद करत नाही, हे. आणि लगेच म्हणाल्या, "पन त्यो त्याचा गाव झाला. हितलं बोलला न्हाई त्यो."

शेवटचं वाक्य कोणी ऐकलंच नाही. "वचान दिलं हुतं! साहेबानं वचान दिलं हुतं आन हिनं दडीवलं!" मागून कोणीतरी आरोळी दिली. सयाजी पुढे आला. तेल लावलेल्या केसांवरून हात फिरवला, भंडारा उचलला आणि शपथेवर बोलला की वाट बंद करता येत नाही असं साहेबाच्या तोंडून आपण ऐकलं. त्याने ते ऐकलंच होतं. मल्हारीला त्याचे डोळे घ्यायला काही कारण नव्हतं.

झालं. त्या दिवसापासून गाव निर्धास्त झालं. मामलेदाराकडे जायचं नाव कोणी काढेना. ज्योतीराम, माझे मालक, एकटेच पुण्याला जाऊन आले. तिथे त्यांना सांगितलं, एकट्याच्या बोलण्यावर वाट मिळत नाही, पाटलाला आणि गावाला घेऊन या. पाटील म्हणाले, "मानसानं शबूद दिल्यावर सरकारात जायाचं? त्यो साहेब काय म्हनंल आपल्याला?" बरं, साहेबाला पुन्हा एकदा विचारून तरी या म्हटलं, तर तेही नाही. दिलेला शब्द परत विचारायला जाणं म्हणजे देणाऱ्याच्या तोंडावर थुंकणं, असं आमच्याकडे समजतात. साहेबाला आपण शब्द दिलाय हे ठाऊकच नव्हतं, आणि त्याचा मान राखायला आमचं गाव गप्प बसलं होतं.

आमच्या घराकडे मात्र सगळ्यांचं लक्ष. मी विहिरीवर गेले की बोलणी थांबायची. सयाजीची आई दुर्गाबाई माझ्याकडे बघून पोहरा उगाच आपटायची. आत्याबाई बंगलीकडच्या बाजूला सरपण आणायला गेल्या तरी दोघे-चौघे लांबून मागे. मडमेला त्या काय सांगतात, मडम यांना काय देते, नुसता ऊत आला होता. एकदा माझ्या कानावर आलं की डब्यात सोनं होतं आणि आम्ही ते गोठ्यात पुरलंय. मी घरी जाऊन डबा उचलला, विहिरीवर नेला आणि सगळी बटणं दुर्गाबाईपुढे ओतली. ती म्हणाली, "आता बटनंच दावशील." मला भयंकर संताप आला. कारण तिच्या जागी मी असते तर मीही हेच म्हटलं असतं.

संक्रांत झाली आणि कुंपण पडलं. सिमेंटचे खांब, काटेरी तार, पाणंदीच्या मधोमध एक लोखंडी फाटक आणि फाटकावर पहारेकरी. गुरांना पाण्यावर न्यायला रस्त्याकडून अर्ध्या दिवसाचा वळसा पडायला लागला. तुम्हाला वाटेल आता तरी गावाचे डोळे उघडले. कसले उघडतात! गावाने असा हिशेब घातला: सयाजीने भंडारा उचलला, सयाजी धडधाकट आहे, म्हणजे सयाजी खरा. सयाजी खरा म्हणजे साहेबाने वचन दिलं होतं. वचन दिलेला साहेब फिरला, म्हणजे त्याला कोणीतरी फिरवला. आणि साहेबाच्या घरात जाणारी गावात एकच बाई होती.

आत्याबाई बंगलीवर जायच्या बंद झाल्या. मडमेने निरोप धाडला तरी गेल्या नाहीत. मला त्यांचा राग यायचा. वाटायचं, भांडा की, ओरडा की. त्या नुसत्या परसात बसून शेंगा फोडायच्या.

उन्हाळ्याच्या तोंडाला पाटलांची आई आक्काबाई गेली. पिकलं पान, सगळ्या गावाची आक्का. सकाळीच तिरडी निघाली. आम्ही बायका वेशीपर्यंत जाऊन थांबलो. थोड्या वेळाने पाटलांचा पुतण्या धावत परत आला. पहारेकरी फाटक उघडत नव्हता. हुकूम नाही म्हणत होता. साहेब स्वतः आला होता, पण सयाजी काय बोलतो ते साहेबाला कळेना आणि साहेब काय बोलतो ते सयाजीला कळेना. प्रेत फाटकाबाहेर जमिनीवर टेकवलं होतं. "गवराकाकी, चला," तो म्हणाला. त्याची मान खाली होती.

आत्याबाईंनी पदर खोचला आणि निघाल्या. मीही मागे गेले. मला कोणी बोलावलं नव्हतं, पण मला कोणी थांबवलंही नाही.

फाटकापाशी सगळे उन्हात उभे होते. पाटलांच्या हातात विस्तवाचं मडकं, डोळे लाल. सयाजी घामाने भिजला होता, त्याचा भांग विस्कटला होता. फाटकाच्या पलीकडे साहेब. आत्याबाई गजांना धरून बोलल्या. हळू, थांबून थांबून. साहेबाने टोपी काढली. मग तो बोलू लागला. बोलता बोलता एकदा त्याने हाताच्या पंजाने डोळे पुसले, आणि मला वाटलं, घामच असेल. तो थांबला. आत्याबाई नेहमीसारख्या गप्प झाल्या. सगळं गाव त्यांच्या तोंडाकडे बघत होतं, आणि मला त्या बघण्यात काय होतं ते नीट ओळखता आलं.

"साहेबाला आक्काचं वाईट वाटलं," त्या म्हणाल्या. "त्यो फाटक उघडाय सांगतोय. मयताला हे फाटक कवाबी उघडंल. गुरांचं त्याच्या हातात न्हाई."

पाटलांनी मडकं एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं. ते आत्याबाईंकडे बघत होते. मग त्यांनी मान वळवली आणि सयाजीला विचारलं, "असंच म्हनला का रं?"

आईचं प्रेत पायाशी होतं. फाटकाचं कुलूप पहारेकरी उघडत होता, ते सगळ्यांना दिसत होतं. तरी त्यांनी विचारलं. सयाजीला साहेबाचं एकही वाक्य कळलं नव्हतं, हे त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं. तो इकडेतिकडे बघत राहिला, मग म्हणाला, "व्हय पाटील. असंच."

तेव्हा पाटलांनी मान हलवली आणि तिरडी उचलायला सांगितलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी काहीतरी बोलायला पुढे झाले, तर आत्याबाईंनी माझ्या दंडाला धरून मागे ओढलं. "न्या आता," त्या लोकांना म्हणाल्या. "ऊन चढतंय."

आम्ही दोघी पाणंदीने परत निघालो. निवडुंग धुळीने भरला होता. मी रागाने काय काय बोलत होते. पाटलाला, सयाजीला, सगळ्या गावाला शिव्या देत होते. त्या ऐकत नव्हत्या. बऱ्याच अंतरावर आल्यावर त्या म्हणाल्या, "साहेबाची आई गेली. आत्ता, ह्याच थंडीत. तिकडं, त्याच्या गावाला. कागूद आला तवर तिला पुरून दिस उलाटलं हुतं. लेकरानं खांदा दिला न्हाई. आक्काला बघून त्याला त्ये आठवलं. तुमच्या पाटलाला सांग म्हनला, त्यो नशीबवान हाय."

मी उभी राहिले. "मंग पाटलाला सांगितलं का न्हाई? सांग म्हनला हुता न्हवं त्यो!"

"सांगनार हुते. पयलं फाटकाचं सांगितलं, मंग त्येच सांगनार हुते," आत्याबाई म्हणाल्या. "पन पाटलानं सयाजीकडं बघितलं. ह्ये बी सांगितलं असतं, तर त्यानं परत सयाजीकडं बघितलं असतं. त्या लेकराची आई मेली गं. तिच्या मरनाला तरी साक्षीदार नगं."

एवढं बोलून त्या पुढे चालू लागल्या, आणि मी त्यांच्या मागून.